संबळाची जागा दारात

शनिवार, १४ डिसेंबर २०२४. संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे.

गंगापूर रोडवरच्या एका वसाहतीचे सभागृह. फाटकाच्या डाव्या हाताला दुचाक्यांची रांग, उजव्या हाताला चपलांचा ढीग, आणि त्या दोहोंच्या मध्ये कमरेला संबळ बांधून आप्पा उभे. पांढरा सदरा, लाल फेटा. प्रमुख पाहुण्यांची गाडी आत वळली. वसुधाताईंनी, म्हणजे आमच्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी, आप्पांकडे न पाहताच दोन बोटे वर केली. वाजवा. आप्पांनी वाजवले. पाहुणे उतरले, हात जोडले, गुलाबपाणी घेतले, पायऱ्या चढले. त्यांचे पाऊल उंबऱ्याच्या आत पडले आणि ताईंनी उघडा पंजा हवेत खाली दाबला. पुरे.

आप्पांचा हात थांबला. समेवर यायला त्यांना आणखी फार तर चार सेकंद लागली असती. ती मिळाली नाहीत.

मग काठ्या शेल्यात खोचून, चपला काढून, ते पायऱ्या चढू लागले. तिसऱ्या पायरीवर ताई आडव्या आल्या.

“अहो, कुठे? तुमचं झालं ना.”

“आत वाजवायचं हाय ना, बाई?”

“आत? नाही हो. आत कार्यक्रम आहे. तुम्ही इथंच थांबा, पाहुणे निघताना परत लागेल. आणि चहा तिकडे सांगितलाय, ड्रायव्हर लोकांचा. त्यातच घ्या.”

“बरं.”

मी अडीच मीटरवर होते. छातीवर ‘ध्वनिव्यवस्था’ असा बिल्ला, हातात केबलचे भेंडोळे. आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी केबलकडे पाहिले.

ते माझे वडील आहेत, हे त्या आवारात आम्हा दोघांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते. ती व्यवस्था माझीच होती.

*

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले. सातपूरच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. आवाज मोजणे हे माझे काम. कारखान्यात, मंगल कार्यालयाबाहेर, रुग्णालयाच्या भिंतीलगत ध्वनिमापक घेऊन उभे राहायचे, आकडा लिहायचा, खाली सही करायची. माझ्या सहीवर यंत्रे बंद झाली आहेत. ‘आमच्या मशीनचा आवाज काही फार नाही हो मॅडम’ असे सांगणाऱ्या कितीतरी मालकांच्या तोंडासमोर मी न बोलता यंत्र धरले आहे.

या मंडळात मी आले ती कवितेसाठी. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वसाहतीतले आणि आसपासचे लोक जमतात. कविता वाचतात, गाणी म्हणतात. पेटी असते, तबला असतो. निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, बँकेतले अधिकारी. चांगली माणसे आहेत, असे त्यांच्याविषयी सगळेच म्हणतात. मीही म्हणत असे. मला कविता वाचायची होती. त्यांना माइकची शिट्टी थांबवणारे कोणी तरी हवे होते. चौदा महिने मी वायरी ओढल्या. पंधराव्या महिन्यात मला वाचायला मिळाले, अगदी शेवटी, श्रोते बटाटेवड्याच्या रांगेत उभे असताना. तरीही मी वाचले. मला घाई होती. माझ्यात महत्त्वाकांक्षा आहे आणि तिची मला लाज वाटत नाही.

डिसेंबरचा कार्यक्रम वार्षिक असतो. या वेळी पाहुणे म्हणून येणारे गृहस्थ पुण्यात पुस्तके काढतात, असे कळले. मला आठ वाजून पंधरा मिनिटांची वेळ मिळाली. चार मिनिटे. तबल्याच्या साथीसह.

नोव्हेंबरात अध्यक्षांच्या दिवाणखान्यात बैठक झाली. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना नुसते ‘सर’ म्हणतात. मी म्हणाले, “माझी कविता संबळाच्या ठेक्यावर आहे. वणीचे एक संबळवादक माझ्या ओळखीचे आहेत. साथीला त्यांना मंचावर घेता येईल का?”

ओळखीचे. ज्यांच्या खांद्यावर बसून मी वणीची जत्रा पाहिली, ते ओळखीचे.

सर प्रसन्न हसले. “संबळ छानच. पण ते मोकळ्या जागेचं वाद्य. बंद सभागृहात कानाला बोचतं. तू तर विज्ञानाची, तुला मी काय सांगणार!”

“दारात ठेवू या ना!” वसुधाताई म्हणाल्या. “पाहुणे येताना. फोटोही झकास येतील.”

“आणि माझा तबला पार बुडेल हो त्यात,” आमचा तबलजी निखिल म्हणाला. सगळे हसले.

मी मान डोलावली.

त्या मान डोलावण्याची मी नंतर पुष्कळ चिरफाड केली. सभागृहाचे आकारमान, संबळाची ध्वनिपातळी, श्रोत्यांपर्यंतचे अंतर. मोजायच्या गोष्टी एवढ्याच. एका सकाळचे काम. मी ते केले नाही. कारखानदाराने असे बिनमापाचे विधान केले असते तर मी त्याच्यापुढे यंत्र धरले असते. इथे सरांनी ‘तू विज्ञानाची’ म्हटले आणि माझे विज्ञान तिथल्या तिथे मान्य करून मोकळे झाले. मला त्या दिवाणखान्यातली खुर्ची हवी होती. कौतुक हेच गळ्यात अडकवायचे दावे होते, आणि मी आपणहून त्यात मान घातली.

कार्यक्रमपत्रिकाही मीच टाइप केली. दीपप्रज्वलन: चार नावे, पदव्यांसह. तबला: निखिलचे पूर्ण नाव. ध्वनिव्यवस्था: माझे नाव. पुष्परचना: हारवाल्याच्या दुकानाचे नाव. आणि सर्वांत वर, ‘स्वागत: संबळ’. जणू ते वाद्य आपोआप वाजणार होते.

*

आम्ही गोंधळी. आप्पा वणीत दुसऱ्याच्या रानात झेंडू लावतात, तोडतात, आणि नवरात्रापासून लग्नसराई संपेपर्यंत गोंधळाला जातात. गोंधळ घरात मांडतात. चौक भरतात, दिवटी पेटवतात, यजमान समोर बसतो. वरातीत वाजवायचे ते रस्त्यावर, फाटकात, घोड्यापुढे. आप्पा दोन्ही करतात, पण दोन्ही एक समजत नाहीत. म्हणूनच फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा:

“आत का भायेर?”

“आधी बाहेर, मग आत. माझ्या कवितेला,” मी म्हणाले.

हे खोटे होते. तोवर कोणाला तरी राजी करू, असे मी स्वतःला सांगत होते. मी कोणालाही राजी केले नाही, कारण मी पुन्हा कोणाला विचारलेच नाही.

दुसरे खोटे याहून वाईट. “आप्पा, मी तुमची मुलगी आहे हे तिथे लगेच सांगू नका. लोकांना वशिला वाटेल.”

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “वशिला नगं.” त्यांनी ते खरे मानले. मुलगी शिकलेली आहे, तिला शहराच्या रीतीभाती कळतात, म्हणून. संबळाच्या धाकट्या तोंडाला त्यांनी नवे कातडे चढवून घेतले. फेटा पिशवीत घालून दुपारच्या एस.टी.ने आले. पायऱ्या चढायला त्यांनी चपला काढल्या, त्या माझ्या या शब्दांवर.

*

सात वाजता निखिलने मंचावर तबला जुळवायला घेतला. हातोडीने गट्टे ठोकत, कान लावून, सावकाश. सहा मिनिटे. एकशे साठ माणसे गप्प बसली होती. एका आजोबांनी नातवाला दटावले, “शू! सूर लावतायत.”

नेमक्या त्याच वेळी बाजूच्या दारातून मला बाहेरचे ऐकू आले. डिसेंबरच्या गारठ्यात कातडे सैल पडते. आप्पांनी वर्तमानपत्राची दोन पाने पेटवून संबळ शेकायला धरला होता. पाहुणे निघताना वाजवायचे होते ना.

“ए बाबा, इथं जाळपोळ नको,” पहारेकरी ओरडला. “सोसायटीचा नियम आहे.”

“दोन मिन्टं, दादा. कातडं गारठलंय.”

“दोन नाय न् चार नाय. विझव आधी.”

ताणलेल्या पडद्याच्या कंपनाचा नियम मला पाठ आहे. तो तबल्याला एक आणि संबळाला दुसरा नसतो. आत जे चालले होते तेच बाहेर चालले होते. आतल्याला साधना म्हणत होते, बाहेरच्याला जाळपोळ. मी ध्वनिमिश्रकाच्या टेबलामागे बसून होते. उठले नाही.

प्रत्येक कार्यक्रमाला करते तसे मी तिसऱ्या रांगेच्या कडेला तिपाईवर ध्वनिमापक लावला होता. शेजारच्या इमारतीतून तक्रार आली तर दाखवायला नोंद असावी, म्हणून. पहिले गाणे: सरासरी एकोणनव्वद डेसिबल. दुसरे: एक्याण्णव. तिसऱ्याला कीबोर्ड होता आणि शेवटी सगळ्यांनी कोरसमध्ये सूर मिसळला: ब्याण्णव. टाळ्या. ‘वा! वा!’ कोणाच्याही कानाला काही बोचले नाही.

नंतर सर बोलायला उभे राहिले. “आज आपली कविता मातीपासून तुटली आहे. लोकवाद्यांचा नाद आपल्या कानांतून हरवत चालला आहे. हा नाद जपणं ही आपली, सुशिक्षितांची, जबाबदारी आहे.” पाहुण्यांनी मान हलवली. टाळ्या. अधिक टाळ्या.

काचेच्या दारापलीकडे आप्पा फुलझाडांच्या वाफ्याच्या सिमेंटच्या कडेवर बसले होते. हातात कागदी पेला. एका गाडीचा तरुण ड्रायव्हर मोबाइल रोखून त्यांच्यापुढे उभा होता. “काका, वाजवा ना थोडं, रील काढतो,” असे काहीसे म्हणत असावा. आप्पा नकारार्थी मान हलवत होते. न हसता.

*

आठ वाजून एकोणीस मिनिटे. वसुधाताईंनी माइक घेतला.

“आता आपली साउंडवाली! दिवसभर डेसिबल मोजते आणि संध्याकाळी कविता करते. वायरींतून वेळ काढून आली आहे हं, जोरदार टाळ्या!”

हशा. मी मंचावर गेले. निखिलने अंगाईला धरावा तसा मऊ ठेका धरला. मी सुरुवात केली.

“दिवटीला तेल घाल, उजेड माझ्या नावाचा,
उंबऱ्याच्या आत घे, पाहुणा मी गावाचा—”

पुढची ओळ मला पाठ होती. ती आली नाही.

उंबऱ्याच्या आत घे. हे मी लिहिले होते. खोलीतल्या टेबलावर, चांगल्या पेनने, पुण्याच्या पाहुण्यांना आवडेल अशा बेताने. ठेका ज्याचा, तो उंबऱ्याबाहेर ड्रायव्हर लोकांच्या वाट्याचा चहा पीत होता, आणि मी आत त्याच्या बाहेर असण्याची कविता करून दाखवत होते. ताईंनी त्यांना तिसऱ्या पायरीवर अडवले. मी त्यांना नोव्हेंबरातच अडवले होते. मला राग आला. आधी स्वतःचा. मग सगळ्यांचा. तो अजून उतरलेला नाही आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी निखिलला हाताने थांबवले.

“बाहेर संबळ वाजवत होते ते किसन महादू. वणीचे. ते माझे वडील. पत्रिकेत त्यांचं नाव नाही, कारण पत्रिका मी टाइप केली. ही कविता त्यांच्या ठेक्यावर आहे. माझी साडेतीन मिनिटं उरली आहेत. ती त्यांना द्यायची आहेत.”

मग वसुधाताई गालावर हात ठेवून म्हणाल्या, अगदी मायेने, “अगं वेडे! आधी नाही का सांगायचं? त्यांना पहिल्या रांगेत बसवलं असतं आपण!”

या वाक्याइतके स्वच्छ वाक्य मी त्या मंडळात कधी ऐकले नाही. माझे वडील म्हणून पहिली रांग. संबळवाले म्हणून चपलांशेजारी. माणूस तोच, फेटा तोच, हात तेच. आणि तेव्हाही काय करणार होत्या? ‘बसवलं असतं.’ वाजवू दिले असते, असे त्या मायेतसुद्धा त्यांच्या तोंडून निघाले नाही.

सर उठले. “बाळ, तुझी भावना समजते. पण संबळाचा आवाज इथे—”

“किती?”

“काय किती?”

“आवाज. किती होईल?”

“हे बघ, ही काही तुझी प्रयोगशाळा नाही.”

“मी विज्ञानाची आहे, असं तुम्हीच म्हणाला होता, सर. तिसऱ्या रांगेत यंत्र लावलेलं आहे. मघाची गाणी एकोणनव्वद, एक्याण्णव आणि ब्याण्णव. संबळ माइकशिवाय वाजेल. ब्याण्णवच्या वर गेला तर मी स्वतः थांबवते.”

“अगं पण कार्यक्रम लांबतोय!” मागून कोणी तरी म्हणाले.

“आणि वडे गार होतायत!” दुसरा. हशा पिकला.

सरांनी टेबलाच्या दिशेने हात करून माइक बंद करायची खूण केली. टेबलामागे कोणी नव्हते. तिथे बसणारी व्यक्ती मंचावर उभी होती.

मी खाली उतरले आणि बाहेर गेले.

आप्पा उठून उभेच होते. काचेतून त्यांनी पाहिले होते, ऐकू मात्र काही आले नव्हते. “काय झालं गं? इसरलीस का?”

“नाही. चला आत. वाजवायचंय.”

“बोलावलं का त्यांनी?”

मी मागे वळून काचेच्या दाराकडे पाहिले.

“मंग म्या नाय येनार.” ते पुन्हा कडेवर बसले. “आवतन कोनाचं हाय? यजमान कोन? बोलावल्याबिगर गोंधळी घरात पाय ठेवत नाय, तुला ठावं हाय.”

ठाऊक होते. यजमानाने हातावर सुपारी ठेवल्याशिवाय आप्पा कोणाच्याही चौकापुढे बसलेले मी पाहिले नाही. आमदाराच्या घरी नाही, शेतमजुराच्या घरी नाही. इतका वेळ मला वाटत होते की ते निमूटपणे सोसत बसले आहेत. तसे नव्हते. त्यांच्याकडे त्या सभागृहाच्या नियमांहून जुना नियम होता आणि तो मोडायला ते तयार नव्हते. मंचावर जायला धडपडत होते ते आप्पा नव्हते. ती मी होते.

“मला वाटलं, तूच यजमान,” ते म्हणाले. “तर तू बिल्ला लावून लांब हुबी.”

मी बिल्ला काढला. आत गेले. मंचाच्या कोपऱ्यात समईपाशी पूजेचे तबक होते. हळद, कुंकू, अक्षता, दोन पानांवर सुपारी. ती सुपारी मी उचलली.

“अगं, ती पूजेची आहे!” ताई म्हणाल्या.

“हो,” मी म्हणाले.

बाहेर येऊन ती सुपारी मी आप्पांच्या तळहातावर ठेवली.

“यजमान मी.”

त्यांनी सुपारीकडे पाहिले, मग माझ्याकडे. तपासल्यासारखे. “येकदा बोललीस तर मागं फिरायचं नाय.”

“नाही फिरणार.”

पायऱ्यांवर त्यांनी चपला पुन्हा काढल्या. या वेळी कोणी आडवे आले नाही. तेवढी सवडच कोणाला मिळाली नाही.

*

आप्पा मंचावर उभे राहिले. नमस्कार केला तो संबळाला. श्रोत्यांना नाही. मग वाजवायला लागले.

तो नाद कसा होता, हे मी लिहिणार नाही. ‘मातीचा सुगंध’, ‘आदिम स्पंदन’ असे शब्द तिथे टपून बसलेले असतात आणि मला त्यांची घृणा आहे. ते एका कसलेल्या माणसाचे काम होते. उजवी काठी वाकडी, डावी सरळ, आणि दोन्ही तोंडांच्या मधल्या अंतराचा पक्का अंदाज. साडेतीन मिनिटे संपली. आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी, यजमानाने करावी तशी, पुढे चालू द्या म्हणून खूण केली.

निखिल शेजारीच बसला होता. त्याने शांतपणे डग्ग्यावर खोळ चढवली. मग तबल्यावर. मग हातोडी पिशवीत ठेवून चेन ओढली. दुसरा कलावंत वाजवत असताना. निखिलला ही रीत समजत नाही असे नाही; मागच्याच महिन्यात, सतारवादन चालू असताना पाणी प्यायले म्हणून त्याने एका मुलाला खडसावले होते. आप्पांपुढे ती रीत त्याला लागू वाटली नाही, इतकेच.

पहिले उठले सर. पाहुण्यांच्या कोपराला हात लावून त्यांना वड्यांकडे घेऊन गेले. लोकवाद्यांच्या नादावर बोलून त्यांना पाऊण तासही झाला नव्हता. मग रांगा हलल्या. खुर्च्या सरकल्या.

मी तिसऱ्या रांगेपाशी जाऊन यंत्र पाहिले. सत्याऐंशी. त्यांच्या कोरसपेक्षा पाच डेसिबल कमी. ध्वनीच्या ऊर्जेच्या हिशेबात तिसऱ्या भागाहूनही कमी. मी मंचावर येऊन माइकवरून तो आकडा सांगितला. दोन वेळा सांगितला. ब्याण्णववर टाळ्या देणाऱ्या एक बाई कानांवर हात ठेवून माझ्या समोरून बाहेर गेल्या. “बाई गं, केवढा हा आवाज!” त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांना खरोखर तसे ऐकू येत होते.

तिथे माझे एक शिक्षण संपले. मोजले की सिद्ध होते, सिद्ध झाले की दार उघडते, असे मी मानत आले होते. याच श्रद्धेवर मी वणीच्या शाळेतून विद्यापीठापर्यंत पोचले. आकडा खोटा नव्हता. पण दार आकड्याने बंद केलेलेच नव्हते, मग ते आकड्याने उघडणार कसे? ज्याला आत घ्यायचे नसते तो पुरावा मागतो, कारण पुरावा गोळा करण्यात आपली वर्षे जातात आणि तेवढी वर्षे तो निवांत बसतो. मी पुरावा दिला आणि त्यांनी वडे घेतले.

आप्पांनी अखेर समेवर आणून सोडले. कोणी अडवले नाही.

*

जुन्या सीबीएसच्या एस.टी. स्थानकाकडे आम्ही चालत निघालो. आप्पांनी फेटा उतरवून पिशवीत ठेवला होता. मी म्हणाले, “आप्पा, चुकलं माझं.”

“हां,” ते म्हणाले. नाही म्हणाले नाहीत. थोडे पुढे गेल्यावर थांबले. “आत नेलंस ते बरं केलंस. पन त्याच्या आधी दारात हुबा केलास. ते तू इसरू नको. म्या इसरंन.”

वणीची गाडी लागली होती. त्यांनी संबळ मांडीवर घेतला आणि खिडकी लावून घेतली.

रविवारी सकाळी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सरांचा संदेश आला. ‘वडिलांविषयी आधीच प्रामाणिकपणे सांगितले असते तर कालचा प्रसंग टळला असता. संबंधितांनी लेखी दिलगिरी द्यावी. जानेवारीत आपण लोककला विशेष संध्या ठेवू. त्यात त्यांनाही सन्मानाने बोलावू.’ खाली एकवीस अंगठे.

मी उत्तर लिहिले: ‘मी खोटे बोलले, हे खरे. त्याची दिलगिरी ज्यांना द्यायची त्यांना दिली आहे. मंडळाला देण्याजोगे माझ्याकडे आता काही नाही.’ आणि गट सोडला. ध्वनिमिश्रकाच्या कोणत्या खटक्याला हात लावला की शिट्टी थांबते, तेही सांगितले नाही. शिकतील. पदव्या आहेत.

लोककला विशेष संध्या. म्हणजे वर्षातून एक दिवस, वेगळ्या वाफ्यात, नावाची पाटी लावून. उरलेले दिवस दारात. आप्पा त्याला जाणार नाहीत. मीही नाही.

माझे ठरले आहे. संबळाची बाजू मांडण्यासाठी मी पुन्हा कधीही यंत्र लावणार नाही. आवाज मोजणे ही माझी नोकरी आहे आणि ती मी चोख करीन. पण माझ्या बापाच्या लायकीची मोजणी कोणाच्याही मागणीवरून करणार नाही. ‘ओळखीचे’ हा शब्द त्यांच्यासाठी पुन्हा वापरणार नाही. ते सभागृह वसाहतीचे आहे, मंडळाचे नाही. अर्ज करील त्याला मिळते. दुसरा शनिवार मंडळाचा. तिसरा मोकळा असतो. मी अर्ज दिला आहे, दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारचा. वादक: किसन महादू, वणी. यजमान: मी. मंचावर, मध्यभागी. दारात कोणी वाजवणार नाही, आलेल्यांनी आपापल्या पायांनी आत यावे. मी प्रास्ताविक करणार नाही, संबळ म्हणजे काय ते समजावून सांगणार नाही, आणि कोणी कानांवर हात ठेवले तर आप्पांना हात हळू करायला सांगणार नाही. पुण्याच्या पाहुण्यांना माझी कविता आवडली की नाही, ते मला कळले नाही. विचारणारही नाही.

चौदा डिसेंबरच्या नोंदवहीत सत्याऐंशीच्या खाली आणखी एक ओळ आहे. आप्पा डोळे मिटून वाजवत होते आणि मी मंचावरून रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्या मोजत होते. शेवटपर्यंत बसून राहिलेल्यांचा रकाना मी भरला नाही. पुढे कधी खचले तर दिलाशासाठी तोच उघडून बसेन, इतके मी स्वतःला ओळखते. जे लिहिले ते एवढेच.

संबळ चालू असताना उठून गेलेले: एकशे चार.